मदत हवी आहे: प्रयोगशाळेत काम करायचंय, रसायनशास्त्र कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची, शिक्षण बारावी कॉमर्स. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. काचेपलीकडची लॅब रोज दिसते आणि मन तिथेच अडकतं.

घरी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून रंग काढला. लिंबू पिळलं की लाल, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट! त्या दिवसापासून वेडच लागलंय. मैत्रिणीने एकदा टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं मोजून घालत त्याची तीव्रता काढणं) दाखवलं: ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब कॉस्टिक सोडा, आणि एका थेंबासरशी फ्लास्कमधलं सूचक घातलेलं आम्ल फिकट गुलाबी.

अडलंय ते इथे. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल; मोल म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक) द्रावणाला लिटरमागे ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, हे गणित जमलं. पण आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याचे दाणे वजन करता करताच ओले होतात, म्हणून द्रावणाची खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाने ठरवतात म्हणे. ती आकडेमोड कुणी पायरीपायरीने समजावेल का? मोल आधी पक्का करू की आम्ल-आम्लारी? फोंडा-मडगावात रविवारी प्रात्यक्षिक शिकवणारं कुणी आहे? आम्लं घरी हाताळायची नाहीत, हे मी ठरवलंय.