इंकिंग शिकायचं तर आधी शाई-ब्रश की थेट टॅब्लेट?

रेषाप्रेमी
कॉमिक्सचं इंकिंग शिकायला निघालेल्या प्रत्येक पोराला एकच सल्ला मिळतो: आधी टाक-ब्रश घोटवा, मग टॅब्लेटला हात लावा. मला हा सल्ला साफ नामंजूर आहे. ज्याला पुढे स्क्रीनवरच काम करायचंय, त्याने पहिल्या दिवसापासून टॅब्लेटवरच शिकावं. इंकिंग म्हणजे पेन्सिलीवर गिरवणं नव्हे. कुठली रेघ जाड, कुठली बारीक, काळं कुठे भरायचं, कागद कुठे मोकळा सोडायचा, हे ठरवणं म्हणजे इंकिंग. ते ठरवायला दौत लागत नाही. बिनस्क्रीनचा टॅब्लेट, म्हणजे संगणकाला जोडून पेनने रेखाटायची पाटी, काही हजारांत येतो, आणि कृता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. चांगला सेबल ब्रश (प्राण्याच्या केसांचा) मात्र महाग आणि परदेशी, स्वस्तातल्याला टोक टिकत नाही. तालुक्याच्या गावातल्या पोरीने मग शिकायचंच नाही का?

दौत
असहमत. शाईत मागे फिरता येत नाही, म्हणून ब्रश टेकवायच्या आधीच डोळा ती रेघ पुरी करून आलेला असतो. टॅब्लेटवर पोरं एकच रेघ वीसदा ओढतात, दरवेळी कंट्रोल-झेड दाबून आधीची पुसतात (अनडू), आणि त्यातली बरी दिसेल ती ठेवतात. याने हात तयार होत नाही.

नऊवारीच्या काष्ट्याच्या चुण्या काढून बघा. चुणी खोचलेल्या जागेतून जाड निघते, मांडीवर कापड ताणलं की बारीक होते, आणि पोटरीजवळ पुढच्या चुणीला भिडायच्या जरा अलीकडेच सुटते. ती सोडायची जागा ब्रश उचलताना बोटांना समजते. दाबला की केस फाकतात, उचलला की पुन्हा टोकावर येतात. टॅब्लेटच्या पेनाच्या प्लास्टिकच्या निबेला हे कुठलं?

सांगलीचा_स्टायलस
दौत, चुण्यांचं अगदी पटलं. पण निब दबत नसली तरी दाब मोजला जातो, आणि तो कसा वाचायचा हे आपल्या हातात असतं. नव्या मुलांचे हाल होतात ते सेटिंगमुळे. टॅब्लेटच्या क्षेत्राचं लांबी-रुंदीचं प्रमाण स्क्रीनशी जुळवलं नाही तर गोल काढायला जावं आणि लंबगोल व्हावा. विंडोजचं पेन दाबून धरल्यावर राइट-क्लिक होण्याचं फीचर चालू राहिलं तर रेघेची सुरुवातच अडखळते. मुलगी म्हणते, माझा हातच वाईट.

आणि प्रेशर कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ हे ठरवणारा आलेख! मूळ सेटिंगवर हलक्या हाताच्या माणसाची रेघ जाड होतच नाही, मग तो निब रेटत राहतो आणि मनगट धरतं. कर्व्ह सुरुवातीला जरा वर उचलून घ्या, अर्ध्या ताकदीत पूर्ण जाडी मिळाली पाहिजे.

दौत
आणि स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर आपोआप काढून टाकणारी सोय? तो चढवला की सगळ्यांची रेघ एकसारखी गुळगुळीत. म्हातारीच्या गालाची सुरकुती आणि मोटारीचं बॉनेट एकाच हातचं वाटतं. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा ब्रश आणि मारियो मिरांडांचं पेन, दोघांची रेघ सही न बघता ओळखू येते.

रेषाप्रेमी
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एकाचा ब्रश, दुसऱ्याचं पेन, आणि दोघंही आपापल्या हत्याराची खोड ओळखून होते. टॅब्लेटचीही खोड असते, ती टॅब्लेटवरच कळणार. स्टॅबिलायझरबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. शिकताना तो कमीत कमी ठेवावा, आणि लांब वळण मनगटातून न काढता कोपरातून, खांद्यातून ओढावं. लहान टॅब्लेटवर याला जागा पुरत नाही, ही खरी अडचण आहे.

छापखाना
मी छपाईच्या बाजूने बोलतो. माझ्याकडे दिवाळी अंकांची कामं येतात. डिजिटल इंकिंगमधली सगळ्यात मोठी खोट म्हणजे झूम. चारशे टक्क्यांवर जाऊन पापणीचा एकेक केस काढलेला असतो, आणि छापल्यावर डोळ्याच्या जागी काळा ठिपका. अमेरिकन कॉमिक्सची मूळ पानं साधारण १० × १५ इंचांत काढायची पद्धत आहे, छापताना ती दोन तृतीयांशांवर येतात. म्हणजे लहान होण्याचा हिशोब चित्रकाराच्या हातातच असतो. टॅब्लेटवाल्यांनी ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) काम करावं, दर थोड्या वेळाने पान छापील आकारात बघावं, आणि घरच्या साध्या प्रिंटरवर एक प्रत काढावी. ग्रे कडा असलेली रेघ पाठवू नये, शुद्ध काळी-पांढरी द्यावी.

सांगलीचा_स्टायलस
क्लिप स्टुडिओ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टर लेअर (रेघ ठिपक्यांऐवजी बदलता येणाऱ्या मार्गाच्या रूपात साठवणारा थर) घेतला तर रेघ नंतरही जाड-बारीक करता येते, आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथपर्यंतचं शेपूट एका फटक्यात पुसलं जातं. काष्ट्याच्या चुण्यांना हे फार उपयोगी.

दौत
नंतर जाड-बारीक करता येते, हीच तर माझी तक्रार! शिवाय कागदावरचं मूळ पान राहतं. ते विकता येतं, प्रदर्शनात लावता येतं. फाइलीचं मूळ कुठलं?

रेषाप्रेमी
मूळ पानाचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो विकण्याचा झाला, शिकण्याचा नाही. तुमच्या कंट्रोल-झेडवर माझा उपाय असा: सरावाच्या पानाला अनडूची की बंद करून टाकायची. रेघ चुकली तर शाईवाले करतात तसं वर पांढरं लावून दुरुस्त करायची.

दौत
अनडू बंद ठेवणार असाल तर निम्मं भांडण मिटलं. ब्रशचं मात्र मी सोडणार नाही. सेबल नको, कॅम्लिनची वॉटरप्रूफ काळी शाई आणि साधा सिंथेटिक ब्रश घ्या, टॅब्लेटच्या शेजारी ठेवा, आणि रोज एक चुणी त्यानेही काढा.