सतराच्या आत बर्फावर नाही: स्केटिंगमधल्या वयाच्या अटीनं भलं झालं का?

सायली_ब (धागालेखिका)

मार्च २०२५मध्ये बॉस्टनला महिलांच्या फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेची अलिसा लिऊ पहिली आली, वय १९. हीच मुलगी १३व्या वर्षी अमेरिकेची विजेती होती आणि १६व्या वर्षी, २०२२मध्ये, निवृत्त झाली होती. मध्ये दोन वर्षं सरावच नाही. दुसरी आलेली जपानची काओरी साकामोतो २४ची आणि तिसरी मोने चिबा १९ची. तिघींपैकी एकीनंही चार गिरक्यांची उडी (क्वाड) मारली नाही की साडेतीन गिरक्यांची ट्रिपल अॅक्सल केली नाही.

आता २०२२चं बीजिंग ऑलिम्पिक आठवा. रशियाच्या तिघी: श्चेर्बाकोवा १७ची, त्रुसोवा १७ची आणि वालियेवा १५ची. त्रुसोवानं एका कार्यक्रमात पाच क्वाड मारल्या. वालियेवाच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन सापडलं. ते हृदयविकाराचं औषध, आणि ही पोरगी दहावीच्या वयाची! फ्री स्केटमध्ये (दुसऱ्या, लांब फेरीत) ती पुन्हा पुन्हा पडली, आणि बाहेर आल्यावर प्रशिक्षिकेनं जवळ घेण्याऐवजी जाब विचारलेला जगानं पाहिला. तो प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो.

त्याच वर्षी जूनमध्ये फुकेतला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं सीनियर गटाचं किमान वय १५वरून १७ करायचं ठरवलं. बाजूनं १०० मतं, विरोधात १६. टप्प्याटप्प्यानं आणत २०२४-२५पासून पूर्ण १७ लागू झालं. माझं मत: हा निर्णय २० वर्षं आधी व्हायला हवा होता. बीजिंगच्या त्या तिघींपैकी आज आंतरराष्ट्रीय निकालांत कोण दिसते? कुणीच नाही. वापरा आणि फेका.

झाडाखालचा_बाक

रुमाल टाकून ठेवतो.

कोथरूडकर

सायलीताई, कळकळ पोचली, पण शेवटच्या वाक्यात घोटाळा आहे. त्या तिघी दिसेनाशा झाल्या कारण मार्च २०२२मध्ये रशियन स्केटर्सना आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंदी घातली गेली. त्याचा वयाशी काय संबंध? क्वाड दिसेनाशा झाल्या त्याचंही मोठं कारण तेच. क्वाड मारणाऱ्या मुली ज्या देशात सगळ्यात जास्त होत्या तो देशच मैदानात नव्हता, आणि श्रेय मात्र वयाच्या नियमाला.

दुसरं, नियमाचा वरवंटा कुणावर फिरतो ते बघा. जपानची माओ शिमादा ज्युनियर जागतिक स्पर्धा सलग तीनदा जिंकली आहे, २०२३, २०२४, २०२५. ट्रिपल अॅक्सल येते, क्वाड येते. जन्म ३० ऑक्टोबर २००८. १ जुलै २०२५च्या आत १७ पूर्ण हवी होती, म्हणजे चार महिने कमी पडले आणि २०२६चं मिलानचं ऑलिम्पिक हुकलं. गंमत अशी की तिचं नाव जिच्यावरून ठेवलं त्या माओ असादाचंही हेच झालं होतं. २००५मध्ये असादानं ग्रां प्री फायनलमध्ये तेव्हाची जागतिक विजेती रशियाची स्लुत्स्काया हिला हरवलं, पण तेव्हाच्या १५च्या अटीत ८७ दिवसांनी कमी पडली आणि २००६च्या तुरिन ऑलिम्पिकला जाता आलं नाही. त्या पोरींनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

आणि जाता जाता, नोव्हेंबर १९८९ला कराचीत सचिन १६ वर्षांचा होता. त्याला सतराची अट लावली असती तर?

टवाळ_कार्टं

सचिन आला! दुसऱ्याच प्रतिसादात. मी पैज जिंकलो.

बाकी १ जुलैची अट वाचून हसू आलं. आमच्या गावात अर्ध्या पिढीचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. आमची पोरं या नियमात आरामात बसतील, फक्त बर्फ आणा.

हाडांचा_डॉक्टर

टवाळा, तू विनोद केलास, पण हे खरंच घडलंय. २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये चीनची जिम्नॅस्ट दोंग फांगश्याओ १४ वर्षांची होती हे पुढे सिद्ध झालं आणि २०१०मध्ये चीनचं सांघिक कांस्य काढून घेतलं. अट आली की जन्मदाखल्याचा धंदाही येतो.

कोथरूडकर, सचिनचं उदाहरण इथे लागू नाही. सोळाव्या वर्षी त्याचं वय हा त्याचा तोटा होता. तो वाढला तशी त्याची फलंदाजीही वाढली. स्केटिंगमध्ये उलटं आहे, इथे न वाढण्याला बक्षीस आहे. क्वाड म्हणजे सेकंदभराच्याही आत हवेत चार गिरक्या. अंग जितकं अरुंद आणि आखडलेलं तितकी गिरकी वेगवान. वयात येताना कंबर रुंदावते, वजन वाढतं आणि त्याच ताकदीत तीच उडी बसत नाही. मग दोनच वाटा उरतात, तंत्र नव्यानं घडवा किंवा शरीराला वाढू देऊ नका. दुसऱ्या वाटेवर आधी ताट रिकामं होतं, मग पाळी थांबते, मग हाडं ठिसूळ होतात. उतरताना तर सगळा भार एकाच पायावर, तोही रोज कितीतरी वेळा. अमेरिकेच्या तारा लिपिन्स्कीनं १९९८ला नागानो ऑलिम्पिकमध्ये १५व्या वर्षी सुवर्ण जिंकलं आणि १८व्या वर्षी तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली.

तरी कबूल करतो, की सतरा हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. एखादी चौदाव्या वर्षी पूर्ण वाढते, एखादी अठराव्या.

टोरांटोची_मावशी

इथे जरा घरचं सांगते. माझी लेक सातव्या वर्षापासून दहा वर्षं स्केटिंग करत होती. पहाटे साडेपाचला रिंक, बाहेर उणे वीस, मी गाडीत थर्मासमधला चहा पीत बसलेली. २०१४ला सोची ऑलिम्पिकमध्ये लाल कोटातली रशियाची युलिया लिप्नित्स्काया पाहून ती अक्षरशः वेडी झाली. युलिया १५ची, ही ९ची. भिंतीवर फोटो, पाय डोक्यापर्यंत नेणारी ती गिरकी दिवाणखान्यात. २०१७मध्ये लिप्नित्स्काया निवृत्त झाली, १९व्या वर्षी, आणि अॅनोरेक्सियाबद्दल उघड बोलली. तोवर माझी लेक डब्यातली पोळी परत आणायला लागली होती. तिच्या एका कोचनं (नाव नको) सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "उडीचं वजन कमी कर." उडीचं! ती बारा वर्षांची होती.

म्हणून सांगते, सीनियर गटाचं वय सतरा केलं तरी बाराव्या वर्षाचा सराव तसाच राहतो. ज्युनियर गट १३पासून चालूच आहे, त्यात पदकं आहेत, क्वाडही आहेत. पोरगी मोडते ती ऑलिम्पिकच्या बर्फावर नाही, तिथपर्यंत पोचण्याआधी मोडते. तुमचा नियम फक्त एवढं करतो की ती टीव्हीवर दिसत नाही.

तरीसुद्धा मी नियमाच्या बाजूनं आहे, कारण भिंतीवर कुणाचा फोटो लागतो त्यानं फरक पडतो. आज नऊ वर्षांच्या मुलीनं साकामोतोचा फोटो लावला तर तिची आई जरा निवांत झोपेल.

गणिती_बंड्या

मावशींना नमस्कार. मी मात्र वयाच्या अटीच्या पूर्ण विरोधात. दुखणं गुणपद्धतीत आहे, औषध जन्मदाखल्यावर चोळताय.

तीन गिरक्यांच्या ट्रिपल लुट्झ उडीची मूळ किंमत ५.९ गुण, ट्रिपल अॅक्सल ८, क्वाड लुट्झ ११.५. म्हणजे एकच गिरकी जास्त आणि किंमत जवळजवळ दुप्पट. उलट सादरीकरणाचे गुण महिलांच्या फ्री स्केटमध्ये ८०च्या आसपास अडतात. २०२२मध्ये पाच निकषांचे तीन केले तेव्हाही गुणक असा बदलला की कमाल बेरीज तिथेच राहिली. एका बाजूला छत, दुसऱ्या बाजूला आभाळ मोकळं. बीजिंगला श्चेर्बाकोवाला २५५.९५ आणि तिसऱ्या आलेल्या साकामोतोला २३३.१३. बावीस गुणांची ही दरी बहुतांशी क्वाडची आहे. मग कुठला कोच क्वाड शिकवणार नाही?

नियम बदलला की कोच बदलतात. २०१८च्या ऑलिम्पिकला रशियाच्या १५ वर्षांच्या झागितोवानं फ्री स्केटमधल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण दमल्यावर मारलेल्या उडीला १० टक्के वाढीव मिळत होते. त्याच उन्हाळ्यात नियम आला, वाढीव फक्त शेवटच्या तीन उड्यांना. प्रकार बंद. कुणाचं वय विचारावं लागलं नाही.

आणखी मागे जा. १९९०पर्यंत बर्फावर ठरावीक आकृत्या कोरायची सक्तीची फेरी होती. बघायला महाकंटाळवाणी, पण ती जमायला वर्षं लागायची. ती काढली आणि बारक्या पोरींसाठी दार सताड उघडलं.

कोथरूडकर

बंड्याशी शंभर टक्के सहमत. उडीची किंमत कमी करा, शिमादासारख्या मुलींना खेळू द्या.

सायली_ब

कोथरूडकर, रशियन बंदीचा मुद्दा मान्य, ते वाक्य मी घाईत लिहिलं. क्वाड कमी झाल्याचं श्रेयही नियमाला देत नाही.

पण बंड्या, उड्यांची किंमत पाडली तर मोठ्या मुलींच्याच तोंडचा घास जाईल. अमेरिकेची अँबर ग्लेन घ्या. डिसेंबर २०२४मध्ये ग्रनोबलला, २५व्या वर्षी, तिनं ट्रिपल अॅक्सलच्या जोरावर ग्रां प्री फायनल जिंकली. रशियाची तुक्तामिशेवा २०२१ला २४व्या वर्षी ट्रिपल अॅक्सल मारून जगात दुसरी आली. वय वाढलं की अवघड उडी जातेच, हे पूर्ण खरं नाही. ती शिकवायला आणि टिकवायला वेळ लागतो, आणि पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक गाठायची घाई असेल तर तो वेळ कुणी देत नाही. इटलीची कोस्टनर २०१४च्या ऑलिम्पिकला २७व्या वर्षी कांस्य जिंकली आणि ३१व्या वर्षी पुन्हा ऑलिम्पिकला येऊन पाचवी आली. तिला कुणी घाई केली नव्हती.

लिऊचंच घ्या. परत येताना तिनं अट घातली की संगीत, पोशाख, सराव या सगळ्यात माझं चालेल. तेराव्या वर्षी अशी अट घालणारी मुलगी आणि ती ऐकणारा कोच दोन्ही मला दाखवा. मला सतरा हवं ते एवढ्यासाठी, हाडांसाठी नंतर.

टोरांटोची_मावशी

सतराव्या वर्षी माझ्या लेकीनं पहिल्यांदा स्वतः ठरवलं. तिनं सोडलं. आता रविवारी मैत्रिणींबरोबर हॉकीच्या रिंकवर जाते, भाड्याचे स्केट्स घालून.

कोथरूडकर

मावशी, यावर काय बोलणार.

पण ताई, माझी शिमादा मिलानला बाहेरच राहिली. २०३०च्या फ्रेंच आल्प्समधल्या ऑलिम्पिकपर्यंत ती २१ची होईल. तोवर तिच्या क्वाडचं काय होणार ते सांगा.

सायली_ब

क्वाड राहील की नाही, माहीत नाही. २०३०ला हा धागा वर काढा. पदक मिळालं, अगदी कांस्य का असेना, तर मिसळ तुमच्याकडून.

टवाळ_कार्टं

आणि नाही मिळालं तर ताईंकडून. दोन्हीकडे मी येणार, जन्मतारीख १ जून.