स्पॅनिशचं व्याकरण मराठीतून समजावून सांगेल का कोणी? (कर्म, विभक्ती, पार्टिसिपल...)

रेवा_नाशिक:
नमस्कार मंडळी. मी गेले सात-आठ महिने स्पॅनिश शिकतेय, ए१ झालं, आता ए२ चालू आहे. शब्द पाठ होतात, उच्चारांचं पण टेन्शन नाही कारण त आणि द आपल्यासारखेच आहेत, पण व्याकरण आलं की मी अडकते. क्लासमध्ये सगळं इंग्लिशमधून असतं, डायरेक्ट ऑब्जेक्ट, इनडायरेक्ट ऑब्जेक्ट, पास्ट पार्टिसिपल, सबजंक्टिव्ह, आणि माझं दहावीपर्यंत सगळं मराठी मीडियम. कर्ता, कर्म, क्रियापद मला नीट येतं हो, पण ही नावं ऐकली की मी आधी मनात त्यांचं मराठी करत बसते आणि तोपर्यंत सर पुढच्या वाक्यावर गेलेले असतात.

परवाचंच सांगते. "मी पोळी खाल्ली" लिहायचं होतं. मेक्सिकोतली तोर्तिया म्हणजे जवळजवळ आपली पोळीच, म्हणून मी लिहिलं "ए कोमिदा उना तोर्तिया". सरांनी कोमिदाखाली लाल रेघ मारून कोमिदो केलं. मी म्हटलं तोर्तिया स्त्रीलिंगी आहे ना मग कोमिदा का नाही, तर म्हणाले पार्टिसिपल इथे बदलत नाही, पाठ करून टाका. आणि पुढच्याच पानावर "ला पुएर्ता एस्ता सेर्रादा", दार बंद आहे. मग तिथे कसं बदललं?? दोन दिवस हेच डोक्यात आहे. नोव्हेंबरमध्ये परीक्षा द्यायचीय, प्लीज सांगा.

पेठेतली_शिक्षिका:
रेवा, ही चूक मराठी बोलणाऱ्यांचीच आहे आणि त्यामागे कारण पक्कं आहे. शाळेतले प्रयोग आठव. "मी पोळी खाते" हा कर्तरी, क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. "मी पोळी खाल्ली, मी भात खाल्ला, मी पोहे खाल्ले" हा कर्मणी, इथे क्रियापद कर्माचं लिंग-वचन घेतं. तुझ्या हाताने कोमिदा लिहिलं गेलं ते या "खाल्ली"मुळे. स्पॅनिशमध्ये भूतकाळातसुद्धा फक्त खाणारा कोण तेवढंच बघायचं, काय खाल्लं याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही. मी खाल्लं तर "ए कोमिदो", आम्ही खाल्लं तर "एमोस कोमिदो", मग पोळी असो नाहीतर पोहे. बदलतं ते आबेर हे सहायक क्रियापद (ए, एमोस ही त्याचीच रूपं), कोमिदो जागचं हलत नाही.

आता सेर्रादा. तिथे तो शब्द दाराचं विशेषण झालाय, आपल्या व्याकरणातलं धातुसाधित विशेषण, लावलेलं दार, लावलेली खिडकी तसं. पुएर्ता स्त्रीलिंगी म्हणून सेर्रादा, आणि बँक आपल्याकडे ती असली तरी त्यांच्याकडे पुल्लिंगी, म्हणून "एल बांको एस्ता सेर्रादो". वाक्यात आबेर दिसलं की शेवटी ओ कायम ठेव, एस्तार (वरचं एस्ता त्याचंच रूप) दिसलं की नामाकडे बघ.

लिंगासाठी एक सवय लाव. आपण लहानपणी तो आंबा, ती चिंच, ते पान असंच शिकलो ना, तसंच वहीत नुसतं मेसा न लिहिता "ला मेसा" लिही, नुसतं लिब्रो नाही "एल लिब्रो". आपलं ते टेबल, ते पुस्तक, ते घर, ते दूध हे सगळे नपुंसकलिंगी शब्द तिकडे एल किंवा ला यात वाटले गेलेत आणि त्याला मराठीचा काही आधार मिळत नाही, ते पाठच करायचे. मानो (हात) ओ-वर संपूनही ला, प्रोब्लेमा आ-वर संपूनही एल, हे दोन तर आजच लिहून ठेव.

वालेन्सियावाला:
शिक्षिकाताईंनी मस्त सांगितलं. मी इथे स्पेनमध्ये सहा वर्षं आहे आणि माझा अनुभव असा की इंग्लिश बाजूला ठेवून मराठीतून विचार केला की बऱ्याच गोष्टी सरळ होतात. "मे गुस्ता एल मांगो" घ्या. मे म्हणजे मला, मला आंबा आवडतो. आंबे झाले की "मे गुस्तान लोस मांगोस", मला आंबे आवडतात, शब्दाला शब्द. माझ्याबरोबर क्लासमध्ये जे इंग्लिशमधून विचार करायचे ते कित्येक आठवडे "यो गुस्तो" म्हणत होते. तसंच माणूस कर्म असला की मध्ये आ येतो, "बेओ ला कासा" पण "बेओ आ मारिया", मी घर बघतो पण मारियाला बघतो. आपला ला प्रत्ययच झाला की तो! भूतकाळाचं पण तसंच, कोमिआ म्हणजे खायचो किंवा खात होतो, कोमी म्हणजे खाल्लं.

पण रेवा, एका ठिकाणी मराठी फसवते. आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच, त्यामुळे "मी त्याला बघतो" आणि "मी त्याला पुस्तक देतो" दोन्हीकडे त्याला. स्पॅनिशमध्ये पहिलं "लो बेओ", दुसरं "ले दोय एल लिब्रो". वाक्याला "काय देतो?" विचारून उत्तर मिळालं (पुस्तक) तर ते डायरेक्ट ऑब्जेक्ट म्हणजे प्रत्यक्ष कर्म, आणि ज्याला दिलं तो ले. माद्रिदकडे लोक पुरुषांसाठी "ले बेओ"पण म्हणतात, ऐकून गोंधळू नका, परीक्षेत लो लिहा.

कोल्हापूरकर_७:
सगळं पटलं, पण सबजंक्टिव्हच्या बाबतीत जरा सांभाळून. "किएरो के बेंगास" म्हणजे तू यावंस अशी माझी इच्छा आहे, इथे आपला विध्यर्थ चपखल बसतो आणि माणसाला वाटतं जमलं. मग येतं "क्वांदो बेंगास", तू येशील तेव्हा, इथे मराठीत साधा भविष्यकाळ आणि स्पॅनिशमध्ये तेच बेंगास. म्हणजे जे अजून घडलेलं नाही ते सांगताना क्वांदो आलं की मराठीवर विसंबू नका, मी याच्यावर बरेच मार्क घालवलेत.

आणि नावं इंग्लिशमधून पाठ करूच नका, थेट स्पॅनिश घ्या, कारण पुढच्या पुस्तकांत सूचनासुद्धा स्पॅनिशमध्येच असतात. सुस्तान्तिबो नाम, आद्खेतिबो विशेषण, बेर्बो क्रियापद, सुखेतो कर्ता, खेनेरो लिंग, नूमेरो वचन. पेर्सोना म्हणजे पुरुष, प्रथम पुरुष द्वितीय पुरुष वाला. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मराठी, मधलं इंग्लिश गेलं की वेग येतो.

रेवा_नाशिक:
खरंच खूप खूप आभार सगळ्यांचे, कर्मणीचं वाचलं आणि एकदम लख्ख कळलं, हे मला आजपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. आता वही घेऊन बसलेय. एक बघता का, तोर्तियाच्या जागी सर्वनाम घेतलं, "ती मी खाल्ली", तर प्रत्यक्ष कर्म म्हणून "ला", आणि मग "ला ए कोमिदो" बरोबर? की समोर ला आहे म्हणून इथे तरी कोमिदा?

पेठेतली_शिक्षिका:
"ला ए कोमिदो" बरोबर. आबेर आहे ना मध्ये. पोळीचं स्त्रीलिंग त्या ला मध्ये आलं, कोमिदो तसंच. आता हेच लोस फ्रिखोलेस (राजमा, पुल्लिंगी अनेकवचन) घेऊन कर आणि इथे टाक, बघते मी.

रेवा_नाशिक:
"लोस ए कोमिदो".

पेठेतली_शिक्षिका:
शाब्बास!