प्राचीन अथेन्स: व्यापाराला कमी लेखणारे शहर आयात धान्यावर कसे जगत होते?

काठावरचा_वाचक (प्रश्न):
झेनोफन आणि ॲरिस्टॉटल वाचताना असे दिसते की सद्गृहस्थाला शोभणारा उद्योग म्हणजे शेती. हातकाम माणसाचे शरीर आणि मन दोन्ही बिघडवते, आणि पैशातून पैसा काढणे, विशेषतः व्याज घेणे, हे तर ॲरिस्टॉटलच्या मते निसर्गाच्या विरुद्ध आहे. दुसरीकडे इ. स. पूर्व चौथ्या शतकातले अथेन्स काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरून येणाऱ्या धान्याविना तगले नसते, हेही तितकेच उघड आहे. मग या व्यापारात भांडवल कोण घालत होते, जहाज बुडाले तर तोटा कोणाच्या माथी बसत होता, आणि नगरराज्य हे सर्व नुसते पाहत होते काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_दस्तऐवज:
तत्त्वज्ञांची मते ही जमीनजुमला असलेल्या एका वर्गाची मते आहेत आणि ती त्याच किमतीला घ्यावीत. अथेन्सचे लोक पैशाशी प्रत्यक्षात कसे वागत होते हे पाहायचे असेल, तर न्यायालयांतली भाषणे वाचावीत, कारण तिथे माणसे आदर्शांविषयी बोलत नाहीत, बुडालेल्या रकमेविषयी भांडतात.

अथेन्सभोवतीच्या ॲटिका प्रदेशाची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. ऑलिव्ह उत्तम, सातू बरे, गहू जेमतेम. इ. स. पूर्व ३५५ च्या सुमारास अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस आपल्या श्रोत्यांना सांगतो की काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एकट्या बॉस्पोरसच्या राज्यातून वर्षाला सुमारे ४,००,००० मेडिम्नॉस धान्य येते (एक मेडिम्नॉस म्हणजे साधारण ५२ लिटर), आणि तिथला राजा ल्यूकॉन अथेन्सकडे माल नेणाऱ्यांना तिसाव्या हिश्श्याचा निर्यातकर माफ करतो. भाषणातला आकडा आहे, तेव्हा थोडी अतिशयोक्ती गृहीत धरावी. पण ऐकणाऱ्यांना तो हास्यास्पद वाटत नव्हता, हेही महत्त्वाचे आहे.

भांडवलाचे म्हणाल तर डेमॉस्थेनिसच्याच भाषणसंग्रहात एक कर्जरोखा जवळपास पूर्ण स्वरूपात टिकला आहे. ॲटिकामधल्या स्फेट्टसचा एक आणि युबिया बेटावरच्या कॅरिस्टसचा एक, अशा दोन सावकारांनी आशिया मायनरमधल्या फॅसेलिसच्या दोन व्यापाऱ्यांना ३,००० ड्राक्मा (ड्राक्मा म्हणजे चांदीचे नाणे) दिले. व्यापाऱ्यांनी अथेन्सहून उत्तर ग्रीसमधल्या मेंडे किंवा स्कियोनेला जायचे, तिथे मेंडेच्या द्राक्षमद्याचे ३,००० घडे चढवायचे, ते बॉस्पोरसला विकायचे आणि परतीचा माल घेऊन अथेन्सला यायचे. व्याज हजारी २२५ ड्राक्मा. मात्र स्वाती नक्षत्राच्या उदयानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर काळ्या समुद्रातून निघाल्यास हजारी ३००, कारण तेव्हा समुद्र खवळू लागतो. सुखरूप पोहोचल्यावर वीस दिवसांत रक्कम फेडायची. जहाज बुडाले तर देणेही बुडाले. वादळात सर्वांच्या संमतीने समुद्रात फेकलेला माल आणि शत्रूला द्यावी लागलेली रक्कम देण्यातून वजा करण्याचीही तरतूद त्यात आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. समुद्राचा धोका सावकाराकडे होता, आणि म्हणूनच व्याज इतके चढे होते. तारणाच्या मालावर दुसरे कर्ज काढायचे नाही अशीही अट होती. फिर्यादीचे म्हणणे असे की व्यापाऱ्यांनी ३,००० सोडाच, ५०० घडेसुद्धा चढवले नव्हते!

मोजमाप:
वरील उत्तराला पुरवणी म्हणून राज्याच्या भूमिकेविषयी लिहितो, कारण ‘नुसते पाहत होते काय’ या प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे.

अथेन्समध्ये राहणाऱ्या कोणालाही धान्य दुसऱ्या बंदरात नेण्यास मनाई होती, आणि जे जहाज अथेन्सला धान्य आणणार नाही त्यावर कर्ज देण्यासही मनाई होती. अथेन्सच्या पिरेयस बंदरात उतरलेल्या धान्यापैकी दोन-तृतीयांश भाग शहरात नेणे व्यापाऱ्यांना बंधनकारक होते. धान्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि सातूची किंमत, त्यावरून पिठाची किंमत, शेवटी पावाचे वजन अशी साखळी ते तपासत. इ. स. पूर्व ३८६ च्या सुमारास काही किरकोळ धान्यविक्रेत्यांवर ठरलेल्या ५० टोपल्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त साठा केल्याबद्दल खटला चालला, आणि फिर्यादीने चक्क देहदंड मागितला.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. राज्य स्वतः व्यापारात फारसे उतरत नव्हते, करवसुलीसुद्धा मक्त्याने देत होते. पिरेयसच्या आयात-निर्यातीवर दोन टक्के कर होता. स्पार्टाविरुद्धचे पेलोपोनेशियन युद्ध हरल्यावर त्याचा मक्ता एका टोळक्याने ३० टॅलेंटना (एक टॅलेंट म्हणजे ६,००० ड्राक्मा) घेतला. पुढच्या वर्षी अँडोसिडीस या वक्त्याने बोली ३६ टॅलेंटपर्यंत नेली आणि त्यातही नफा झाल्याचे तो सांगतो. ३६ टॅलेंट हे दोन टक्के धरले तर बंदरातून वर्षाला किमान १,८०० टॅलेंटचा माल फिरत होता, आणि तोही पराभवाने खचलेल्या शहरात.

काठावरचा_वाचक:
दोघांचेही आभार. परंतु यावरून असे वाटते की नागरिकांनी हा सारा व्यवहार परक्यांकडे सोपवला होता. सावकारी आणि पेढ्या यांत सतत परदेशी रहिवासी आणि मुक्त झालेले गुलाम भेटतात. तत्त्वज्ञ म्हणतात तेच मग खरे नव्हे काय?

जुना_दस्तऐवज:
तसा निष्कर्ष घाईचा ठरेल. परदेशी रहिवासी व्यापारात दिसतात याचे मोठे कारण कायदा आहे, नागरिकांची नावड नव्हे. विशेष सवलत मिळाल्याशिवाय त्यांना जमीन घेता येत नसे, शिवाय पुरुषामागे वर्षाला १२ ड्राक्मा आणि स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीमागे ६ ड्राक्मा कर भरावा लागे. ज्याला जमीन विकत घेण्याची मुभाच नाही, तो आपला पैसा पेढीत, कारखान्यात किंवा जहाजात घालणार. पॅसिऑन हा गुलाम म्हणून पेढीवर काम करत होता. तो मुक्त झाला, पेढीचा मालक झाला, त्याने राज्याला १,००० ढाली भेट दिल्या आणि अखेरीस नागरिकत्वही मिळवले. त्याची पेढी पुढे चालवणारा फॉर्मिऑनही मूळचा गुलामच.

आता नागरिकांकडे पाहू. डेमॉस्थेनिसच्या वडिलांच्या संपत्तीची यादी त्याने स्वतःच न्यायालयात वाचून दाखवली. सुऱ्या-तलवारी बनवणारे तीसहून अधिक गुलाम, त्यांचे वार्षिक उत्पन्न ३० मिना (एक मिना म्हणजे १०० ड्राक्मा). पलंग बनवणारे वीस गुलाम, उत्पन्न १२ मिना. ७० मिना सागरी कर्जात गुंतवलेले. आणि २,४०० ड्राक्मा त्याच पॅसिऑनच्या पेढीत. हा माणूस अस्सल अथेनियन होता आणि त्या यादीत शेताचा उल्लेख नाही. सेनापती निकियसने ॲटिकातल्या लॉरियमच्या चांदीच्या खाणीत १,००० गुलाम भाड्याने दिले होते, प्रत्येकी रोज एक ओबोल (ड्राक्माचा सहावा भाग) निव्वळ, आणि संख्या कायम राखण्याची जबाबदारी भाड्याने घेणाऱ्याची. वर्षाचे साधारण दहा टॅलेंट होतात. मेलेल्याच्या जागी नवा माणूस भरायचा, एवढाच त्या अटीचा अर्थ. अथेन्सच्या सुबत्तेविषयी लिहिताना हे कलम अनेकदा वगळले जाते.

टांकसाळ:
चांदीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे लिहितो. अथेन्सच्या बाजारचौकात सापडलेल्या एका शिलालेखात इ. स. पूर्व ३७५-३७४ चा नाण्यांविषयीचा कायदा आहे. राज्याच्या मालकीचा एक गुलाम सराफांच्या मेजांमध्ये बसून नाणी पारखत असे, आणि त्याच कायद्याने पिरेयससाठी दुसरा पारखी नेमला, कारण परदेशी व्यापाऱ्यांची गर्दी तिथे होती. आतून तांबे किंवा शिसे निघाले तर नाणे तिथल्या तिथे कापायचे आणि देवमातेच्या नावे जमा करायचे. पारख्याने खरे ठरवलेले नाणे जो विक्रेता नाकारेल, त्याचा त्या दिवशी मांडलेला सगळा माल जप्त. पारखी जागेवर बसला नाही किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला ५० फटके.