गोयानं काढलेलं वेलिंग्टनचं चित्र : छातीवरचा गुलाबी पट्टा कशाचा?

अडगावचा_कास्तकार
रामराम मंडळी. आमचं वावर अडगाव-सिरसोलीच्या शिवारात, तालुका तेल्हारा. २९ नोव्हेंबर १८०३ ला इथंच इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसले अन् शिंद्यांच्या फौजेला हरवलं. पुढं हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. गावच्या वाचनालयात या लढाईचा फलक लावायचा आहे, म्हणून त्याचं चित्र शोधत होतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं सापडलं, स्पेनचा चित्रकार गोया यानं १८१२ मध्ये काढायला घेतलेलं. लय जिवंत आहे! तोंड जरासं उघडं, वरचे दात दिसतात, डोळे जागरण झाल्यासारखे. छातीवर मोठाले तीन तारे, एक गुलाबी अन् एक निळा पट्टा. यात आपल्या इकडच्या लढाईचं काही आहे काय?

अकोटचा_वाचक
आहे न भाऊ! गुलाबी पट्टा अन् सगळ्यात वरचा तारा 'ऑर्डर ऑफ द बाथ'चा. हा किताब इंग्लंडच्या राजानं त्याला १८०४ मध्ये दिला, तो मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेसाठीच. असईची लढाई, अडगाव, गाविलगडचा किल्ला सगळं त्यात आलं. निळा पट्टा अन् खालचा एक तारा पोर्तुगालचा, दुसरा स्पेनचा. गळ्यातलं 'गोल्डन फ्लीस' हे स्पेनचं मानचिन्ह गोयानं मागाहून, १८१४ मध्ये रंगवलं. मानसन्मान वाढत गेले तसं चित्रही बदलावं लागलं.

गाविलगड_भटका
दादा, फलक अडगाववरच थांबवू नका. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. वेलस्लीच्या जोडीचा इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सन, त्याच्या फौजेनं सातपुड्याच्या डोंगरातून तोफा ओढत उत्तरेकडं लाबडा गावाला नेल्या अन् तिकडून तटाला खिंडार पाडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. त्याचं नाव वेलस्लीच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरात लिहा. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला अन् वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. ओडिशातलं कटकही गेलं.

अडगावचा_कास्तकार
दोघांचेही आभार. गावात काही जण विचारतात, इंग्रजाचं चित्र वाचनालयात काऊन? मी म्हणतो, लावायचंच. पोरं ज्या धुऱ्यावरून शाळेत जातात, तिथल्या लढाईचा किताब तो नऊ वर्षांनी माद्रिदमध्ये गोयासमोर घालून होता. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. म्हणून गुलाबी पट्ट्यापासून बाण काढून 'अडगाव, गाविलगड, १८०३' लिहितो. शेजारी बेनीसिंगाचं नाव अन् तहाची तारीख, १७ डिसेंबर.

मूळ चित्र ६४ बाय ५२ सेंटिमीटरच आहे, म्हणजे खऱ्या मापातच छापता येईल. अकोल्यात फ्लेक्सवर नको, चांगल्या कागदावर कोण छापून देतं, माहीत असेल तर सांगा.