कॉकटेलची पिल्लं अंड्यातच मरतायत, पावसाळ्यात काय चुकतंय?

खाडीकाठ (प्रश्न)

गुहागर, किनाऱ्यापासून साधारण तीनशे मीटर. ८ × ५ फुटांची कॉलनी (जाळीचा मोठा पिंजरा), उंची ६ फूट, वर पत्रा. आत कॉकटेलच्या (कॉकटिएल, तुऱ्याचा छोटा पोपट) ४ जोड्या, रंगाने २ ग्रे (करड्या), १ लुटिनो (पिवळसर-पांढरी), १ पाइड (विस्कटलेल्या ठिपक्यांची). वय दोन वर्षांच्या पुढे. प्लायचे ४ बॉक्स, प्रत्येकी १२ × १० × १० इंच, भोक ३ इंचांचं. आत नारळाचं सोडण पिंजून घातलंय. जूनपासून झड आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री बांधली आहे.

जून ते ऑगस्ट एकूण २२ अंडी. पाइडच्या बॉक्समध्ये ८, सगळी कोरी (आत गर्भच नाही). बाकी १४ पैकी ३ कोरी, ७ मध्ये पिल्लू पूर्ण वाढून मेलं, ४ मधून पिल्लं बाहेर आली. अंडी कोरडी पडतात असं वाचून पंधराव्या दिवसापासून रोज थोडं पाणी शिंपडत होतो. खाणं: राळा, बाजरी, थोडं सूर्यफूल, आठवड्यातून दोनदा शेवग्याचा पाला. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगलेला आहे.

आता काय बदलू? आणि शेजारी एक राघूची जोडी देतायत, ती याच कॉलनीत चालेल का?

सड्यावरून

पाणी शिंपडणं आजच बंद करा. तो सल्ला कोरड्या हवेचा आहे. घाटावर मार्च-एप्रिलमध्ये तो चालतो, कोकणात आषाढ-श्रावणात तो उलटा पडतो.

अंडं उबत असताना त्यातलं पाणी हळूहळू बाहेर जायला हवं. घातल्यापासून पिल्लू कवचाला आतून चोच मारेपर्यंत वजनात १२ ते १५ टक्के घट व्हावी लागते. तेवढी झाली की बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू कवच फोडायच्या आधी त्या पोकळीत पहिला श्वास घेतं. हवा दमट असली की पाणी बाहेर पडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं, त्याला आत वळायला जागा उरत नाही आणि शेवटच्या दोन दिवसांत ते मरतं. तुमची पिल्लं पूर्ण वाढून मेली म्हणजे संशय पहिला इथेच.

पण संशयावर थांबू नका. न फुटलेली अंडी फेकली नसतील तर एकेक फोडून बघा. पिल्लू ओलं, सुजलेलं, भोवती चिकट जेलीसारखा द्रव आणि पोकळी लहान, तर दमटपणा. पडदा कातड्यासारखा वाळून अंगाला चिकटलेला आणि पोकळी मोठी, तर हवा कोरडी. आत नुसतं लाल कडं दिसलं तर गर्भ तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास गेला; त्यामागे रात्री पक्षी दचकून अंडी थंड पडणं किंवा हलणं असतं. काळं, दुर्गंधीचं अंडं म्हणजे जंतू. ते घाणेरड्या बॉक्समधून आणि ओल्या हातांतून येतात. या चारांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून फोडून बघितल्याशिवाय काही बदललं तर नेमकं काय लागू पडलं ते कधीच कळत नाही.

पुढच्या खेपेला सोनाराचा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. अंडं घातलं त्या दिवशी मऊ पेन्सिलीने नंबर घाला आणि वजन लिहा. समजा ५.५० ग्रॅम भरलं. १३ टक्के म्हणजे ०.७१ ग्रॅम, वीस दिवसांत ते ४.७९ च्या आसपास यायला हवं, म्हणजे दिवसाला साधारण ०.०३५ ग्रॅम. दहाव्या दिवशी ५.१५ च्या जवळ असेल तर ठीक. ५.३० वरच अडकलं असेल तर बॉक्स दमट आहे, आणि ते दुरुस्त करायला तुमच्या हातात अजून दहा दिवस आहेत. दिवस मोजताना लक्षात ठेवा: कॉकटेल एक दिवसाआड अंडं घालते आणि नीट बसते ती दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यानंतर. पहिल्या अंड्याचे १८ ते २१ दिवस तिथून धरायचे. ते अंडं "उशीर झाला" म्हणून कुणी फोडलं तर आत जिवंत पिल्लू सापडतं.

आता बॉक्स. सोडण काढून टाका. ते ओल धरतं, आणि ओलसर सोडणावर बुरशी येते. त्या बुरशीने पिल्लांची फुप्फुसं खराब होतात. कदाचित बाहेर आलेल्या चार पिल्लांनाही ती बाधेल. त्याजागी साध्या, पॉलिश किंवा औषध न मारलेल्या लाकडाचा रंध्याचा जाड भुसा घाला, दोन इंच. करवतीचा बारीक भुसा नको, तो नाकात जातो. नुसती गुळगुळीत प्लायही नको, पिल्लांचे पाय फाकतात. झाकणाखाली दोन्ही बाजूंना ८ मिमीची तीन-तीन भोकं पाडा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. बॉक्स पत्र्यापासून किमान फूटभर खाली घ्या.

चारही बाजूंची ताडपत्री हीच मोठी चूक आहे. आत वारा नाही, आठ पक्ष्यांचा श्वास आणि विष्ठेची वाफ तिथेच कोंडते. झड नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येते, तेवढ्याच बाजू झाका आणि तिथेही वरची फूटभर जागा मोकळी सोडा.

माडाखाली

ओलीबद्दलचं पटलं. मला खटकतात ती पाइडच्या बॉक्समधली ८ अंडी.

एक कॉकटेल मादी एका खेपेला ४ ते ६ घालते. एका बॉक्समधली ८ एकाच खेपेची असतील आणि सगळी कोरी, तर बहुधा दोन माद्या आहेत. दोन माद्या जोडी असल्यासारख्याच वागतात, चोचीने पिसं साफ करतात, आळीपाळीने बसतातही. ग्रे रंगात वयात आलेला नर पिवळ्याधमक चेहऱ्याने ओळखू येतो आणि मादीच्या शेपटीखाली पट्टे असतात. लुटिनोत ते पट्टे फिकट पिवळे असतात, उजेडात धरून बघावे लागतात. पाइडमध्ये पिसांवरचा नमुनाच विस्कटलेला असल्यामुळे या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही. छातीची तीन-चार पिसं उपटून (गळून पडलेली चालत नाहीत, मुळाशी पेशी लागतात) डीएनए चाचणीला पाठवा. गाणं, शिट्टी, पंख उचलून ऐट मिरवणं हे एकही करत नसेल तर संशय वाढवा.

कोऱ्या अंड्यांचं दुसरं कारण दांडी. नर वर चढल्यावर दांडी हलली की मिलन अर्धवट राहतं. दोन्ही टोकांना पक्की बसवलेली, १५ ते २० मिमी जाडीची लाकडी दांडी हवी. पीव्हीसीचा पाइप घसरतो.

चार जोड्यांना चार बॉक्स हेही कमी आहेत. सगळ्यांना वरचाच बॉक्स हवा असतो, त्यावरून भांडणं होतात आणि भांडणात अंडी फुटतात. एका उंचीवर निदान सहा लावा.

आणि जाळी बघा. समुद्रापासून तीनशे मीटरवर खारा वारा जस्ताचा मुलामा खातो आणि पांढरी भुकटी सुटते. पक्षी जाळीवर चोच घासत असतात. जस्त पोटात गेलं की हिरवट पातळ विष्ठा आणि अशक्तपणा येतो. नवीन जाळी बसवण्याआधी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून धुवा. पांढरा गंज उठलेला भाग बदला, परवडत असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस लावा. वीण अर्ध्या इंचाहून मोठी नको, नाहीतर मोठा उंदीर आत येतो; लहान उंदीर अर्ध्या इंचातूनही शिरतो.

राघूची जोडी घेऊ नका. देशी राघू पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, पाळलेला असला तरी. शेजाऱ्यांना वन विभागाकडे सोपवायला सांगा.

खाडीकाठ

मेलेल्या ७ पैकी ५ अंडी ठेवली होती, आज फोडली. चारांत पिल्लू सुजलेलं, भोवती जेली, पोकळी नखाएवढी. एकात मात्र नुसतं लाल कडं, म्हणजे ते पूर्ण वाढलेलं नव्हतंच. पाइडची पिसं पाठवतोय. उरलेला हंगाम इन्क्युबेटरवर (अंडी उबवायच्या यंत्रावर) काढू का? इथे एक आहे, पंख्याचा. पाण्याचा ट्रे किती भरायचा?

सड्यावरून

पावसाळ्यात ट्रे कोरडा ठेवा. हिशोब असा: बाहेर २८ अंश आणि ९० टक्के दमट हवा ३७.४ अंशांवर तापली की तिची आर्द्रता साधारण ५३ टक्के होते. अंड्याला पहिले १७ दिवस ४५ ते ५० हवी, म्हणजे पाणी न घालताच थोडी जास्तच आहे. शक्य असेल तर खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा. जानेवारीत रात्री २० अंश आणि ६५ टक्के असताना हाच आकडा २४ वर येतो, तेव्हा मात्र ट्रेमध्ये पाणी लागतं. चोच मारल्यावर कोणत्याही ऋतूत ६५ ते ७०. फुटायला २४ ते ४८ तास लागू शकतात. कवच सोलून मदत करू नका, पडद्यातल्या रक्तवाहिन्या तोपर्यंत आटलेल्या नसतात.

पण हाताने भरवायची तयारी नसेल तर इन्क्युबेटर नको. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही उठावं लागतं.

माडाखाली

माझं मत, हा हंगाम सोडून द्या. माद्यांनी तीन महिने कॅल्शियम खर्च केलंय आणि ढगांमुळे ऊन नाही. ऊन नसलं की जीवनसत्त्व डी३ तयार होत नाही, मग समुद्रफेस कितीही टांगला तरी त्यातलं कॅल्शियम हाडात आणि कवचात जात नाही. पुढची अडचण अंडं अडकण्याची: मादी जमिनीवर फुलून बसते, शेपटी वरखाली हलते. तसं दिसलं तर तिला ३० ते ३२ अंशांच्या उबदार जागी ठेवा, पोट दाबू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. डी३ चं प्रमाणही त्यांनाच विचारा, जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात.

बॉक्स सगळे काढा, व्हिनेगरने नको, उकळत्या पाण्याने धुवा आणि ऊन पडेल तेव्हा उन्हात वाळवा. सूर्यफूल निम्मं करा. मोड आलेले मूग, उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून आठवड्यातून दोनदा द्या. दमट हवेत दोन तासांनी उरलेलं उचला, आंबतं. पालक आणि माठ नेहमी नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. शेवगा चालू ठेवा. राळा घेताना मूठभर हातात घेऊन वास बघा, कुबट असेल तर परत करा, आणि घरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

नवरात्र उलटून हवा कोरडी पडली की सहा बॉक्स एकाच दिवशी लावा. पाइडची चाचणी तोपर्यंत आलेली असेल. दोन्ही माद्या निघाल्या तर नर आधीच आणून महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, मग कॉलनीत सोडा. दोन खेपा झाल्या की बॉक्स काढायचे, आणि मृग लागल्यावर एकही बॉक्स आत ठेवायचा नाही.