जर्मनीत रॅप्सचं तेल: घाण्याचं घ्यावं की रिफाइंड?

मुक्ता_श्टुटगार्ट:
नमस्कार. पुण्याहून येऊन आठ महिने झाले. इथे शेंगदाणा तेल परवडत नाही, म्हणून रॅप्सओलवर, म्हणजे रॅप्स या तेलबीच्या तेलावर, आले. दुकानात दोन तऱ्हा आहेत: 'काल्टगेप्रेस्ट' म्हणजे न तापवता दाबून काढलेलं, घाण्याचं, पिवळंधमक, वासाचं, आणि फिकट रिफाइंड, बरंच स्वस्त. आई म्हणते, रिफाइंडमध्ये काही उरत नाही. खरं आहे का? रोज दोन वेळा फोडणी, आठवड्याला एकदा तळण असतं.

तेलबिया:
मी तेल-तंत्रज्ञान शिकले आहे. काहीच उरत नाही असं नाही. रॅप्स मोहरीच्याच कुळातलं. त्याच्या तेलात साधारण ९-१० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल (ओमेगा-३ स्निग्धाम्ल) असतं, तेच लवकर खवट होतं. त्याची राखण टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाचे प्रकार, करतात; यात गॅमा प्रकार जास्त, अल्फा कमी. रिफाइंड करताना शेवटी वास घालवायला निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापलेल्या तेलातून वाफ सोडतात. तिच्याबरोबर थोडे टोकोफेरॉल जातात, पण बरेचसे टिकतात.

खरं नुकसान फिनॉल्सचं, म्हणजे खवटपणा रोखणाऱ्या दुसऱ्या एका गटातल्या संयुगांचं, होतं. बियांत सिनॅपिक आम्लाची संयुगं भरपूर असतात, पण ती तेलात विरघळत नाहीत, पेंडीतच राहतात. बी भाजलं की सिनॅपिक आम्लापासून कॅनोलॉल तयार होतं. ते तेलात उतरतं आणि खवटपणा फार छान रोखतं. रिफायनिंगमध्ये मात्र ते जवळजवळ सगळं निघून जातं. आणि ते भाजल्यावरच तयार होतं, म्हणून न भाजता गाळलेल्या काल्टगेप्रेस्टमध्येही कॅनोलॉल थोडंच असतं, हे लक्षात ठेव.

न्युर्नबर्गकर:
एक भर घालतो. घाण्याच्या तेलात हरितद्रव्य राहतं आणि उजेडात तेच तेल बिघडवतं. रिफायनरीत विरंजक (रंग काढणारी) माती ते शोषून घेते. मी बाटली खिडकीत ठेवली होती, महिन्याभरात खवट वास यायला लागला. गडद काचेची छोटी बाटली घ्या, उघडली की फ्रीजमध्ये.

मुक्ता_श्टुटगार्ट:
मग फोडणी कशात करू?

तेलबिया:
फोडणी आणि तळण रिफाइंडमध्ये. घाण्याचं तेल लवकर धुरावतं, ते कोशिंबिरीवर, मेतकूट-भातावर कच्चंच घे. आणि तळणीचं उरलेलं तेल नव्यात ओतू नकोस. तळताना टोकोफेरॉल खर्ची पडतात, जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं.